आठ जणांची गर्दी

मास्तरांच्या वकीलबाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवला. "हा अंगठ्याचा ठसा झाला, मास्तर. मला अंगठेवाला माणूस हवाय."

कागदावर चौसष्ट अक्षरा-आकड्यांची एक ओळ होती. चार वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीचं टिपण लिहून झाल्यावर मास्तरांनी गणिताने त्याचा हा ठसा काढला होता आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लावला होता. ठशावरून टिपण वाचता येत नाही. पण टिपण त्या दिवशी होतं, हे कुणाला नाकारताही येत नाही. डिजिटल नाण्यांच्या नादी लागलेल्या त्यांच्या मंडळींची ही रीतच होती. शोध पोटात ठेवायचा, आपसांत वापरायचा, जगाला नुसता ठसा दाखवायचा.

"तारीख तर सिद्ध होतेय," मास्तर म्हणाले. "याच पद्धतीवर हक्क सांगत मला नोटीस धाडणाऱ्या कंपनीने पेटंटचा अर्ज केला, त्याच्या सात महिने आधीची."

"तुम्हाला ठाऊक होतं हे सिद्ध होतंय. लोकांना ठाऊक होतं, हे नाही. झाकून ठेवलेल्या शोधाची कायदा दखल घेत नाही. त्या सात महिन्यांत तुमचा प्रोग्रॅम वापरलेला, तुमच्या मंडळींबाहेरचा असेल तर उत्तमच, पण एक माणूस आणा. नाव, पत्ता, सही. नाहीतर कंपनीच्या मुदतीप्रमाणे आज पाच वाजेपर्यंत त्यांच्या या हमीपत्रावर तुमची सही, आणि प्रोग्रॅम बंद."

मास्तरांनी हमीपत्र पिशवीत घातलं. घड्याळात सव्वा वाजला होता.

एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली होती, ती ही. डिजिटल नाण्यांची वही उघडी असते; कुठल्या खात्यातून कुठे काय गेलं ते कुणीही पाहावं, आणि ती कधी पुसली जात नाही. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये आठ जण एका फेरीत जमले की त्यांची नाणी एकत्र ढवळली जात. ज्याचं त्याला बरोबर पोचे, पण कुणाचं कुठे गेलं हे खुद्द मास्तरांनाही सांगता येत नसे. नोंद ठेवायचीच नाही, हा पहिला नियम.

आता तो नियमच त्यांच्या गळ्याशी आला होता.

जिन्याखालच्या बाकावर बसून त्यांनी फोनवरून मंडळींना हाक घातली. तिथे नाव कुणालाच नव्हतं. कासव नावाने लिहिणाऱ्याने लगेच उत्तर दिलं, "शेवटच्या श्वासापर्यंत तुमच्या पाठीशी, मास्तर."

"मग नाव दे."

"नाव सोडून काहीही मागा."

घुबड म्हणवणारा नेहमीप्रमाणे तत्त्वावर आला. "आपण नाव लपवण्यासाठी लढतो आणि तुम्ही नाव मागता? उद्या कंपनीला कळेल, परवा सरकारला."

"अरे, घराला आग लागलीय आणि तू बादलीचा रंग विचारतोस!"

कुणीतरी हसरा चेहरा टाकला. नाव कुणी टाकलं नाही. मास्तरांना संताप यायला हवा होता, पण कुठल्या तोंडाने? हे सगळं त्यांनीच तर पढवलं होतं.

एक नाव मात्र त्यांना ठाऊक होतं.

त्यांची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची. तिचा नवरा हिशेब-तपासनीस. आकड्यांचा माग काढणं हा त्याचा धंदा, आणि बायकोच्या पगाराचा माग काढणं हा संध्याकाळचा विरंगुळा. जादा कामाचे पैसे मालकीणबाई तिला नाण्यांत द्यायच्या, आणि ते अगदी पहिल्या महिन्यापासून मास्तरांच्या फेऱ्यांतून तिच्या गुपचूप खात्यात जात होते. ती मंडळींतली नव्हती. वकीलबाईंना हवी तशी, अगदी हवी तशी साक्षीदार.

मास्तर दारात दिसले तशी तिने यंत्राचं पाणी बंद केलं. "दादा? या वेळी? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग तोंड असं का? कुणीतरी गेल्याशिवाय तू भरदुपारी येतोस कधी?"

त्यांनी सांगितलं. सांगताना ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याशी बोलत होते.

"म्हणजे माझं नाव कागदावर येणार."

"हो."

"ह्यांना दिसेल?"

"कोर्टाचा कागद. कुणालाही दिसेल."

तिने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "पुढच्या महिन्यात खोली मिळतेय मला. अनामत द्यायची, की मी बाहेर. महिनाभर थांबत नाहीत का तुझे ते कंपनीवाले?"

"पाच वाजता."

"आज?"

"आज."

"तू माझ्याकडे आलास, म्हणजे दुसरं कोणी उरलं नाही. देते मी सही. पण मग आज घरी जाता येणार नाही, आणि खोली तर अजून रिकामी नाही. तुझ्याकडे आले तर तासाभरात दारात उभे राहतील. कुठे जाऊ, तेवढं सांग."

मोठा भाऊ म्हणवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर घेऊन यायला नको होतं का?

"नको," ते म्हणाले. "मी आलोच नव्हतो असं समज."

"आलास, हे बरं झालं. प्रोग्रॅम बंद झाला तर अनामत कशी देऊ? सरळ पाठवली आणि उद्या ह्यांना खातं सापडलं, तर वहीत खोलीवालीपर्यंत राजरस्ताच की."

हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. अनामत आजच जायला हवी होती, आणि फेरीतूनच. पण नोटिशीची बातमी फुटल्यापासून सगळे पळाले होते. चार दिवसांत एक फेरी भरली नव्हती.

तीन वाजता तिने फोनवर पैसे फेरीत लावले. पडद्यावर आकडा आला: एक.

मास्तरांनी फलकावर लिहिलं, "नाव नको. गर्दी द्या. आठ जणांची एकच फेरी. का, ते विचारू नका."

"नोटिशीनंतर फेरीत बसणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा," घुबडाने लिहिलं.

साडेतीनला दोन. चारला चार. ती भिंग हातात घेई, कडा तपासे, खाली ठेवी. साडेचारला सात झाले, आणि आकडा तिथेच रुतून बसला.

"तूच बस ना आठवा," ती म्हणाली.

"माझं खातं या भांडणात जगजाहीर झालंय. फेरीत भाऊ दिसला की बहीण ओळखायला तुझ्या नवऱ्याला कितीसा वेळ?"

पाचला दहा मिनिटं असताना वकीलबाईंचा फोन आला. "मिळालं का कोणी?"

"नाही."

"मग सही करून फोटो पाठवा. पाच म्हणजे पाच."

मास्तरांनी फलकावर लिहिलं, "एक माणूस. पाया पडतो." एकतीस वर्षांत वर्गातही त्यांनी कुणाला एवढं विनवलं नव्हतं.

चार मिनिटं उरली असताना आकडा आठ झाला आणि फेरी फिरली. आठवा कोण, हे कळायची सोय मास्तरांनीच ठेवली नव्हती.

हमीपत्राचं तिसरं कलम त्यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसं वाचलं: ही पद्धत अर्जाच्या तारखेपूर्वी कुणासही ज्ञात नव्हती, आणि ती मी शोधलेली नाही. खाली त्यांनी वळणदार सही केली, फोटो पाठवला, प्रोग्रॅम बंद केला.

फलकावर लगेच उसळी आली. "मास्तर विकले गेले. कितीला?" त्याखाली कासव: "आम्हाला गर्दी करायला लावून स्वतःचे पैसे काढून घेतले. शेवटची फेरी त्यांचीच."

ती खांद्यावरून वाचत होती. "सांग ना त्यांना."

"काय?"

"खरं."

"खरं सांगायचं तर तुझी खोलीही सांगावी लागेल."

"पण पद्धत तुझीच ना, दादा?"

"माझी नाही म्हणून आत्ताच लिहून दिलंय, बाई."

ती हसली नाही. एप्रन काढून खुंटीला लावला, केस नीट केले. सहाच्या आत घरी पोचायचं होतं, रोजच्यासारखं, अजून सव्वीस दिवस.

फोन पुन्हा थरथरला. फलकावर कुणी नवंच होतं, कधी न दिसलेलं. "मास्तर, पुढची फेरी कधी? मला एकदाच हवीय. आज घरात माणसं होती, जमलं नाही."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग बहिणीला दिसू नये म्हणून फोन पालथा ठेवला आणि तिची पिशवी तिच्या हातात दिली.