धार तोडायची वेळ

पेल्याच्या तळाशी चार थेंब, पेला नाकाशी — आणि काहीच नाही. थंडगार काच, एवढंच. तिनं डोळे मिटून पुन्हा हुंगलं... तापातून उठून महिना होत आला, भूक परतली, झोप परतली, वास मात्र आला नाही. आणि हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

भट्टीखाली छाटणीच्या फांद्या मंद जळत होत्या, तांब्याच्या नळीतून सफरचंदाच्या दारूची धार पडत होती. सुरुवातीची धार उग्र, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखी. ती बाजूला काढायची. "पहिल्या धारेची आमच्यासाठी ठेव हो," तिचे मामा चिडवायचे, आणि ती म्हणायची, "ठेवते की, खिडक्या पुसायला या." तो उग्रपणा सरून सफरचंद दरवळलं की त्याच क्षणी भांडं बदलायचं, आणि तो क्षण इतकी वर्षं तिच्या नाकानंच ठरवलेला... घाई केली तर घाण आत, उशीर केला तर चांगला माल खिडक्यांवर. झाडांवर औषधाचा थेंब मारलेला नाही, निम्मी फळं किड्यांनी खाल्ली, उरली ती सगळी या एका भट्टीत. चोथा शेजारच्या गाईंना, नळी गार करणारं पाणी बाटल्या धुवायला — काही म्हणून वाया घालवायचं नाही, हा तिचा नि नवऱ्याचा हट्ट. हट्टाचाही शीण येतो. मी दमले आहे, फार दमले आहे, आणि हे म्हणायचं तरी कुणाला?

नवरा भट्टीपलीकडे धारेशी उकिडवा बसला होता.

"झालं का गं?"

"थांब जरा."

"वास येतोय ना?"

"न यायला काय झालं?"

तिनं जाळाकडे पाहिलं, गेल्या वर्षी उग्र धार सरायला किती वेळ लागला होता ते आठवून पाहिलं — सगळा अंदाजपंचे कारभार — आणि म्हणाली, "बदल."

तो हलला नाही. ती वळसा घालून गेली. धारेखाली दुसरं भांडं होतं, चांगलं चार बोटं भरलेलं.

"केव्हा बदललंस?"

"मघाशीच. सफरचंदाचा वास सुटला तेव्हा." तिच्याकडे न बघता तो जाळ सारखा करू लागला.

म्हणजे तिला वास येत नाही हे त्याला ठाऊक होतं... ठाऊक असूनही तो विचारत होता. तिला राग यायला हवा होता. वाटलं ते हायसं, इतकं की पाठ भिंतीला टेकली. अजून शेवटची धार तोडायची, वास बिघडला की भांडं पुन्हा बदलायचं, बाकी होतं. त्या वेळी त्यानं "वास येतोय ना?" असं विचारू नये, असं तिला वाटलं. आणि मग, भिंतीला टेकल्या टेकल्याच — नाही, विचारावं, म्हणजे एकदाचं सांगून टाकता येईल.