नन्नाची खुर्ची

नाही म्हणायला माणसाला लागतं तरी काय? पण त्रिवेणीच्या वर्गात तेवढीही मुभा नव्हती. कंपन्यांमधल्या माणसांना ती डोकं चालवायला शिकवायची. अडलेल्या कामातून नवी वाट कशी काढावी, ते. तिचा पहिला नियम फळ्यावर ठळक अक्षरांत असायचा: पहिल्या तासात कुणी 'नाही' म्हणायचं नाही. कुणी कसलीही कल्पना मांडो, पुढच्यानं 'हो, आणि' म्हणून तिला हात द्यायचा. जो 'नाही' म्हणेल त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि तास संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नन्नाचा पाढा वाचणाऱ्याची ती नन्नाची खुर्ची. लोक खो-खो हसायचे, वर्ग रंगायचा, आणि साहेब लोक म्हणायचे, मॅडम, कमाल केलीत. आता यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. त्रिवेणीलाही वाटायचं.

हैदराबादेत बालानगरच्या पलीकडे लिफ्ट बनवणारी एक कंपनी आहे. मागल्या उन्हाळ्यात तिथं तिचा पहिला वर्ग झाला. तिथला साहेब रितेश, पुण्याहून आलेला, जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. "दुरुस्तीला दोन-दोन माणसं जातात, वेळ खातात. काहीतरी नवं सुचवा," असा प्रश्न त्यानं टाकला. कुणीतरी म्हणालं, एकच माणूस पाठवू, बाकी सगळं फोनवर दिसेल. हो, आणि कॅमेरा लावू. हो, आणि दुप्पट इमारती होतील. कल्पना अशी फुगत चालली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नक्को."

तो कुलदीप होता. नल्लकुंट्याचा तरुण इंजिनिअर. हातातलं पेन सारखं टिकटिक वाजवत बसायची खोड. त्याचं घर आणि बरकतपुऱ्यातलं त्रिवेणीचं घर, दोन्ही हैदराबादेत मुरलेली मराठी घरं. जाणं-येणं जुनं. 'नको'चं 'नक्को' झालेलं दोन्हीकडे कुणाला खटकत नव्हतं.

"ताई, नक्को. खाली लिफ्टच्या खड्ड्यात एक माणूस उतरला की वर बटणापाशी दुसरा पाहिजेच."

"खुर्ची! खुर्ची!" सगळे ओरडले. टाळ्यांचा ठेका त्रिवेणीनंच धरला. "कुलदीपराव, नियम म्हणजे नियम!" तो हसला, उठला, कोपऱ्यात जाऊन बसला आणि तासभर पेन वाजवत राहिला. तास संपला तोवर रितेशनं योजना वरच्या साहेबांना कळवूनसुद्धा टाकली होती. कुलदीप काही बोलायला उठला, तर रितेश म्हणाला, "ज्याला पटत नाही त्यालाच पहिल्यांदा पाठवू, म्हणजे पटेल!" परत हशा. त्रिवेणीही हसली.

पुढं काही दिवसांनी कुलदीप अफझलगंजातल्या एका जुन्या दुकानांच्या इमारतीत एकटाच खड्ड्यात उतरला. वर बटणापाशी कुणी नव्हतं. लिफ्ट बंद दिसली म्हणून एका दुकानदारानं पोऱ्याला सांगितलं, जा, बटण दाबून बघ. पोरानं दाबलं. लिफ्ट खाली आली. कंपनीच्या चौकशीत निष्काळजीपणा निघाला. कुणाचा ते विचारू नका. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलतो!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुलदीपची आई पद्मावतीबाई त्रिवेणीच्या आईकडे आल्या. बायकांची कुजबूज थांबली. त्यांनी तिळगूळ घेतला, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून त्रिवेणीला विचारलं, "तू तिथं शिकवायला गेली होतीस ना गं? माझा कुलदीप वर्गात काही बोलला होता का?"

"नाही मावशी," त्रिवेणीच्या तोंडून निघून गेलं, "गप्प होता."

"तो अन् गप्प?" एवढंच म्हणून त्या जिना उतरल्या.

बरं, खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. गप्पच होता की! हिनंच गप्प बसवला होता. त्या दिवसापासून त्रिवेणीला टिकटिक ऐकू यायला लागली. कुकर लावताना, रिक्षात, शिकवता शिकवता. घरातली दाबायची पेनं तिनं वेचून वेचून टाकून दिली. आई म्हणाली, पाल चुकचुकत असेल. पाल काय रिक्षात चुकचुकते?

मग रितेशचा फोन आला. "आणखी एक वर्ग घ्या मॅडम. हा छान झाला की सगळ्या शाखांचं काम तुमचंच." तिनं जायलाच नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. साऱ्या जगाच्या तोंडचं 'नाही' काढून घेणाऱ्या बाईला स्वतःचं एक 'नाही' सापडेना. गेली.

तोच तिसरा मजला, तीच खोली. तिनं मनाशी ठरवलं होतं, आज खुर्चीचा खेळ नाही. आत शिरली तर खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. तिनं चहा देणाऱ्या जयवंताला बोलावलं. "एवढी बाहेर ठेव गं." जयवंतानं दोन्ही हातांनी उचलून नेली. त्रिवेणी फळा पुसून वळली, तर खुर्ची परत जाग्यावर.

"अगं, बाहेर ठेव म्हटलं ना?"

"ठेवली होती मॅडम. देवाशपथ, मी नाही आणली." जयवंता दारातच उभी, आत पाऊल टाकेना. "तिच्यात कुणी बसत नाही. एसी चालू असला तरी ऊन लागते हाताला. आत्ता कुणी बसून उठल्यासारखी."

त्रिवेणी स्वतःच खुर्चीकडे निघाली. पण माणसं जमायला लागली होती, आणि रितेश पुढं येऊन सगळ्यांना सांगत होता, "नियम ठाऊक आहे ना? पहिल्या तासात नाही म्हणेल तो खुर्चीत!" झालं. हिचाच खेळ, हिच्याशिवाय सुरू झाला.

आजचा प्रश्न असा: लिफ्ट मध्येच अडकते, आणि कंपनीचा माणूस ट्रॅफिकमध्ये. करायचं काय? कुणीतरी म्हणालं, बाहेरचं दार उघडायची चावी इमारतीच्या वॉचमनलाच देऊ. टिक. हो, आणि त्याला फोनवर फिल्म दाखवू. टिक. हो, आणि माणूस पाठवायचाच नाही, वॉचमनच सगळं करेल. टिक, टिक. त्रिवेणीनं चोरून सगळ्यांचे हात पाहिले. एकाच्याही हातात पेन नव्हतं. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

"फर्स्ट क्लास!" रितेशनं टाळी दिली. "नल्लकुंट्यात आमची एक लिफ्ट सकाळपासून अडकलीच आहे. तेजश्री, तू आत्ता कॅमेरा घेऊन जा. वॉचमनच्या हातून दार उघडव, तू आत वाकून फिल्म काढ. संध्याकाळी मी वर पाठवतो."

तेजश्री नवी होती. कुलदीपच्या जागी आलेली, वयानं तेवढीच. "हो सर, आणि..." ती म्हणाली, आणि 'आणि'च्या पुढं तिला काही सुचेना. ती नुसती फळ्याकडे बघत राहिली. टिकटिक आता अशी धावत होती की त्रिवेणीला वाटलं, आपल्या दातांतच वाजतेय.

"नक्को!"

आवाज मोठा होता, घोगरा, पुरुषी. सगळे त्रिवेणीकडे बघत होते. हिनं मागं वळून पाहिलं, मागं फळाच होता. तेव्हा तिला कळलं की तोंड आपलंच उघडं आहे.

पहिला हसला तो रितेश. "अरे वा! मॅडमच सापडल्या! चला, खुर्ची, खुर्ची!" टाळ्यांचा ठेका सुरू झाला, अगदी तिनं शिकवला होता तसाच. तिचे पाय आपोआप कोपऱ्याकडे गेले. ती बसली. खुर्ची खरंच ऊन होती.

तिथून सगळे चेहरे दिसत होते. कुठलाच चेहरा दुष्ट नव्हता हो, सगळे मजेत होते. त्यालाही असंच दिसलं असणार.

"दार उघडलं आणि मागं लिफ्ट नसली तर?" ती म्हणाली.

"मॅडम, श्श! तास संपलेला नाही. खुर्चीतल्यानं बोलायचं नाही, नियम तुमचाच!"

"तिथं नुसता खड्डा असतो. ही पोरगी त्यात वाकणार. कुलदीपसुद्धा..."

"बघा, बघा!" रितेश सगळ्यांकडे वळला. "नन्नाचा पाढा कसा असतो, मॅडम करून दाखवतायत. टाळ्या!" आणि खरोखर टाळ्या पडल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या टाळ्यांच्या गजरात तेजश्रीनं कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली आणि ती खाली मान घालून दाराबाहेर पडली.

त्रिवेणी उठली. खुर्ची तिनं पाठीला धरून खेचली आणि फरफटत बाहेर व्हरांड्यात नेली. लिफ्ट आली होती, तेजश्री आत पाय टाकणार, तोच हिनं खुर्ची दारात आडवी घातली आणि तीत बसकण मारली. लिफ्टची दारं मिटायला आली, खुर्चीला आपटली, मागं गेली. परत आली, परत आपटली. वर्ग सगळा व्हरांड्यात लोटला.

"मॅडम, हा काय तमाशा?" रितेशचा आवाज बदलला होता. "शाखांच्या कामाचं बोललोय मी तुमच्याशी. विसरा मग ते!"

"विसरले," त्रिवेणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "कुलदीप ह्याच खुर्चीत बसला होता. मी बसवला होता. तो म्हणाला होता, वर एक माणूस पाहिजे. तुम्ही सगळे होतात. आता एकानं तरी म्हणा की नव्हता म्हणाला."

दारं आपटत राहिली. तेजश्री खाली बघत होती, मजल्याची फरशी आणि लिफ्ट यांच्यामधल्या काळ्या फटीकडे. मग तिनं पिशवी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली.

"सर, मी नाही जाणार," ती म्हणाली. आणि त्रिवेणीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तासभर ते पेन कोण वाजवत होतं? आत्ता थांबलं बघा."

संध्याकाळी त्रिवेणी नल्लकुंट्याला गेली, एकटीच. पद्मावतीबाई देवापाशी दिवा लावत होत्या. त्यांनी बस म्हटलं, पण ही उंबऱ्यातच उभी राहिली, बसायची छाती होईना.

"मावशी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो गप्प नव्हता. बोलला होता तो."

पद्मावतीबाईंनी वात सारखी केली, हात पदराला पुसले आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला रोज येऊन सांगतो की मला. नक्को, आई, नक्को. तू कधी येऊन सांगतेस, तेवढीच वाट बघत होतो आम्ही दोघं."