फुटाण्याची गोटी

रविवार संध्याकाळचा लुडो म्हणजे आमच्या घरात कोर्टाची तारीख. खेळणारे चार: माझे मिस्टर सुशील, सासूबाई सिंधूताई, बारा वर्षांचा रोशन अन् सात वर्षांची मिनल. मी अंपायर. ही नेमणूक कोणी केली नाही, माझ्या आवाजानं झाली.

खऱ्या गोट्या कधीच्याच हरवल्या. म्हणून सासूबाई चिंचोक्यांनी खेळतात, रोशन शर्टाच्या बटनांनी, सुशील तुरीच्या दाण्यांनी अन् मिनल फुटाण्यांनी. पिवळ्या घराले पिवळीच गोटी पाहिजे, असा तिचा हट्ट. म्हणूनच मी नियम केला: पटाजवळ खायचं नाही. जो खाईल तो आठवडाभर रात्रीची भांडी घासील.

जो जिंकला त्याचं पहिलं अक्षर कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहायचं. जानेवारीपासून सिं, रो, सिं, सिं, मधात एखादा सु. मि एकदाही नाही. मागच्या रविवारी पोरगी हरली अन् ढसाढसा रडली. सासूबाई म्हणाल्या, "हा तं रडीचा डाव झाला." तो शब्द तिले असा लागला की आठवडाभर माझ्यामागं एकच टुमणं, "आई, या रविवारी मी जिंकीन. अन् नाही जिंकली तरी रडणार नाही."

आमच्या सासूबाई लेकराले मुद्दाम जिंकू देणाऱ्यातल्या नाहीत. मी एकदा म्हणून पाह्यलं, "आई, एखादा डाव सोडा न तिच्यासाठी." तं म्हणे, "मले कोनं सोडला होता?" बोला आता.

या रविवारी डाव असा रंगला की गॅसवरच्या वरणाचं मले ध्यान राह्यलं नाही. मिनलच्या तीन गोट्या घरात पोचल्या होत्या. चौथीले तीन पाहिजे होते. नेमके तीन, जास्त पडले तं दान वाया. सासूबाईंच्याही तीन घरात, चौथीले फक्त एक पाहिजे. त्यांनी फासा टाकला, चार पडले. वाया गेले. आता पाळी मिनलची. तिनं फासा मुठीत घेतला, डोळे मिटून खळखळ हलवला, डोळे उघडले, अन् पटावर फुटाणाच नाही.

"माझी गोटी कुठं गेली?"

माझं डोकं सटकलं. मी सरळ सुशीलवर घसरली. "अहो, हिंगण्याच्या कंपनीत जेवायले देत नाहीत का? लेकराची गोटी खाता? एवढा कसा धीर नाही तुम्हाले?" बिचारे 'आ' करून रिकामं तोंड दाखवून राह्यले होते, तरी माझा पट्टा सुरूच.

"आई," रोशन म्हणाला, "तुझ्या ओठाले टरफल आहे."

मी बोट लावून पाह्यलं. होतं. लेकीसाठी जीव इतका खालीवर झाला होता की हात पटावर कधी गेला अन् तोंडाकडे कधी आला, मलेच समजलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

आता वाद, गोटी होती कुठं. "तिले तीन पाहिजे होते, मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं," मी म्हटलं.

"गोटी खाणाऱ्याची साक्ष चालत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाच पाहिजे होते."

रोशन म्हणे सहा. सुशील म्हणाले, "जाऊ द्या न, जिंकली समजा तिले."

"मले फुकट नको, बाबा." मिनलचा खालचा ओठ थरथरून राह्यला होता. आता पाणी पडते, मले वाटलं, अन् तेही माझ्या पायी. पण तिनं नाक ओढलं, डब्यातून नवा फुटाणा आणला अन् घरापासून पाच मोजून ठेवला. "आजी पाच म्हणते न? तं पाच."

मले सासूबाईंचा असा राग आला की काय सांगू. पण माझंच तोंड खारट होतं, बोलू कोणत्या तोंडानं?

फासा गडगडत गेला, सुशीलच्या गुडघ्याले लागला अन् थांबला. पाच.

तीनच पाहिजे असते तं हे पाच वाया गेले असते अन् फासा पुढं गेला असता. मिनलनं एकेक घर मोजत फुटाणा आत नेला, मग स्टुलावर चढून कॅलेंडरवर एवढा मोठा मि काढला की सोमवारही त्यात गेला. मी तिले उचलून इतके मुके घेतले की पोरगी कंटाळली.

जेवणं झाल्यावर मी मुकाट्यानं भांड्याले बसली. मिनल बाजूले उभी राहून वाट्या पुसून देत होती. सासूबाई दारात येऊन थांबल्या.

"पोरी, तुले तीनच पाहिजे होते वं."

"माहीत होतं मले," मिनल म्हणाली.

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं रडू आलं असतं, आजी."

सासूबाईंनी पदर खोचला अन् माझ्या हातातली घासणी काढून घेतली.

"सरक, मेघा," त्या म्हणाल्या. "या आठवड्याची अर्धी भांडी माझी."