कृष्णाबाईची वाकडी सही

मी रबरी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, गोल तोंड, अंगाला कायम निळी शाई.

चौऱ्याऐंशी साली घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. शिशाची अक्षरं उलटी जुळवून साचा केला, त्यात तापलेलं रबर दाबलं. अंगावर नाव उमटलं: धोंडू परब, विशेष कार्यकारी दंडाधिकारी.

परब जुने गिरणीकामगार. संपात गिरणी सुटली, मग विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले. शिक्षण बेताचं, पण चाळीत शब्दाला वजन. सरकारने हा मान दिला, तेव्हापासून मी पत्र्याच्या डब्यात आणि किल्ली परबांच्या कमरेला. संध्याकाळी कागदावरची सही खरी असल्याचा शिक्का घ्यायला दाराशी माणसं यायची. घरून सही करून आणलेला कागद परब हातात धरायचे नाहीत. माझ्यासमोर सही करा, म्हणायचे. लोक मागे नावं ठेवायचे. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा.

एकदा माहुलची कृष्णाबाई आली, मुलगी जानकीला घेऊन. कृष्णाबाई घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायची. परबांच्या बायकोची, सुगंधाबाईंची, तिच्याशी बऱ्याच वर्षांची ओळख. नवरा वारल्यावर तिला होडी आपल्या नावावर करायची होती. दीर रामनाथ आडवा आला होता. अंगठा उठवणारी बाई होडी काय सांभाळणार, म्हणत गावभर फिरत होता. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

अर्जावर सही आधीच होती. गोल, वळणदार. परबांनी कोरा कागद पुढे सरकवला, यावर करून दाखव म्हणाले. कृष्णाबाईने पेन मुठीत धरलं. पहिलं अक्षर बसकं आलं, शेवटचं रेघ सोडून खाली घसरलं. दोन सह्या शेजारी ठेवल्या. एकीचा दुसरीशी काही मेळ नव्हता.

"जानकीन केली ती," कृष्णाबाई खाली बघत म्हणाली. "माजी येते मला, शिकले मी. पन सरकारी कागद, सही सुंदर नको? माजी शोभली नसती."

परबांनी माझ्या डब्याचं झाकण लावलं. सुगंधाबाई आतून बाहेर आल्या.

"काल हिचीच सुरमई बोटां चाटून खाल्लात. आज हिकाच परत धाडतास?"

"सुरमई वेगळी, शिक्को वेगळो," परब म्हणाले. मग कृष्णाबाईकडे वळले. "सही शोभेची नसते, बाय. ती तुझी पाहिजे. वाकडी तर वाकडी."

परत धाडलं मात्र नाही. जानकीला फरशीवर बसवून तोच अर्ज नव्याने लिहून घेतला. कृष्णाबाई सही करायला बसली. चहा निवला. परबांनी घाई केली नाही, हात धरला नाही. शेवटचं अक्षर पुन्हा घसरलं. त्यांनी आपली सही केली, मला शाईवर टेकवलं आणि तिच्या अक्षरांना धक्का न लावता खाली दाबलं. इतक्या जपून मी कधी उमटलो नव्हतो.

दोन महिन्यांनी कृष्णाबाई टोपली घेऊन आली. कचेरीत रामनाथने सही खोटी म्हणून तक्रार केली होती. साहेबाने तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. तिने सही केली. तीच बसकी सुरुवात, तीच घसरण. साहेबाने दोन्ही कागद रामनाथसमोर धरले.

"होडी माज्या नावावर झाली, पान्यात उतरली, परबदादा," तिने सांगितलं. परबांनी नुसती मान हलवली. टोपलीतली मासळी घेतली नाही. सुगंधाबाई दिवसभर धुसफुसत होत्या.

आता एकोणनव्वद साल आहे. परबांची मुदत संपली. माझी कड झिजली, 'दंडाधिकारी'तला दंड पुसट उमटतो. उद्या परब मला कचेरीत जमा करणार. आज त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्याने माझं तोंड पुसलं.

कुठल्या कागदावर मी दिसलो, तर माझ्याकडे बघू नका. माझ्या वरची सही बघा. माहुलच्या त्या अर्जावर ती वाकडी आहे. मी तिच्या खाली आहे, आणि तिथेच मला बरं वाटतं.