दोन वाजून दहा मिनिटांची चिठ्ठी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: एक सरळ, धुळीचा रस्ता. त्याच्या उत्तरेला कॅन्सस राज्य, दक्षिणेला ओक्लाहोमा. घर रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याच घराची पत्रपेटी दुसऱ्या बाजूला. असलं घर केना स्ट्राउडचं. घर ओक्लाहोमात, शाळा मात्र पहिलीपासून कॅन्ससच्या गावात. मी त्याच शाळेत शिकवत होते.

इत्झेल बारेरा ही तिची जिवलग मैत्रीण. तीन वर्षांची असताना आईवडिलांनी तिला मेक्सिकोतून आणलं. राहायला गावातच, पण इथं राहण्याचे कागद तेव्हाही नव्हते आणि अजूनही नव्हते. दोघींना जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, कॅन्ससच्याच विद्यापीठात, एका खोलीत राहून. खिडकीजवळचा पलंग केनाचा, हे आठवीतच ठरलेलं.

बारावीच्या वर्षी फीचे आकडे आले. इत्झेल कॅन्ससमध्ये राहून शिकलेली, म्हणून तिला राज्यातल्या मुलांची फी. फक्त 'संधी मिळताच कायदेशीर होण्यासाठी अर्ज करीन' असं शपथेवर लिहून द्यायचं. केना रस्त्यापलीकडची, म्हणून तिला बाहेरच्यांची फी, अडीचपट. ती घरी झेपणारी नव्हती.

"विधानसभेत तुमची ती सवलत काढायचं चाललंय," शाळेत दुपारी जेवताना बटाट्यात काटा खुपसत केना म्हणाली. "बरं होईल."

"कुणाचं बरं होईल गं?"

"माझे आजोबा इथल्या दफनभूमीत आहेत. तुझं कोण आहे तिथं?"

"माझं अजून कुणी मेलं नाही. थांबतेस का थोडी?"

एरवी केना हसली असती. ती ताट उचलून निघून गेली.

शेवटच्या तासाला ती शाळेच्या कार्यालयात मदतीला असे. कुणाला बोलावणं असलं की वर्गात चिठ्ठी पोचवायची. त्या दिवशी ओव्हरगार्ड बाईंनी तिच्या हाती इत्झेलच्या नावाची चिठ्ठी दिली. शपथपत्रावर सही घेऊन शिक्का मारायचा अधिकार शाळेत त्यांनाच होता.

"मैदानापलीकडे शाळेच्या गोठ्यात असेल बघ ती. मी तीनला निघते, आणि हे आजच्या टपालात पडलं नाही तर मुदत संपली," म्हणत बाईंनी चिठ्ठीवर वेळ घातली. दोन दहा.

केनाने चिठ्ठी खिशात घातली आणि जिन्याखाली जाऊन बसली. खोटं बोलायचं नव्हतं, काही फाडायचं नव्हतं. नुसतं बसून राहिलं की काम होणार होतं. तिला सारखी ती खोली दिसत होती आणि खिडकीजवळच्या पलंगावर दुसरीच कुणी मुलगी पाय पसरून इत्झेलशी खिदळताना. जायचं नाही तर दोघींनीही जायचं नाही, असं तिच्या मनात आलं. ते तिला बरंही वाटलं.

मग तिला गोठा आठवला. तिथली जनावरं मुलंच पाळीपाळीने सांभाळत. आई मेलेल्या कोकराला दूध पाजायची पाळी आज केनाची होती. इत्झेल तिथं होती ती तिच्याऐवजी.

दोन सेहेचाळीस झाले होते. चिठ्ठीवरच्या 2:10 मधल्या 1 चा 4 करायला दोन रेघा पुरल्या असत्या, आणि पेन कानावर होतं. केनाने पेनला हात लावला नाही. ती धावत गोठ्यात गेली आणि चिठ्ठी पुढे केली.

इत्झेलने चिठ्ठी वाचली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. कोकरू तिच्या मांडीवर बाटली ओढत होतं.

"दोन दहाची आहे ही."

"हो."

"कुठं होतीस?"

"जिन्याखाली." केना म्हणाली. "तू जाऊ नयेस असं वाटत होतं. अजून वाटतंय."

इत्झेलने कोकरू आणि बाटली केनाच्या हातात कोंबली आणि मैदानातून कार्यालयाकडे पळत सुटली. मैदान मोठं होतं.

केनाने कोकरू काखेत धरलं, बाटली हनुवटीखाली दाबली आणि मोकळ्या हाताने भिंतीवरच्या फोनवरून कार्यालयाला फोन लावला.

"ओव्हरगार्ड बाई, मी केना. इत्झेल येतेय, निघू नका. उशीर तिने नाही, मी केलाय."