सुखरामांचा डबा आणि नंदाची परीक्षा

मित्रांनो, तीन पुडांचा पितळी जेवणाचा डबा म्हणजे मी. जन्म भंडाऱ्याचा, तांबटाच्या हातचा. भीमाबाईंच्या लग्नात आंदण म्हणून जबलपूरला आलो. तोवर राज्यांच्या सीमा बदलून भंडारा महाराष्ट्रात गेलं होतं आणि जबलपूर मध्य प्रदेशातच राहिलं होतं. म्हणजे परराज्यात सासरी नांदणारा डबा म्हणायचा मी!

भीमाबाईंचे यजमान सुखराम कारखान्यात फिटर होते. सकाळी पहिला भोंगा झाला की भीमाबाई मला भरायच्या आणि दुसरा व्हायच्या आत सुखराम मला सायकलला अडकवून निघायचे. बत्तीस वर्षं आमचा हा नेम चुकला नाही. दुपारी त्यांचे सोबती माझं झाकण उघडायची वाट पाहत बसत. वरच्या पुडातल्या ठेच्याचं कौतुक ऐकून मी फुगून जायचो, आता कबूल करायला लाज कसली?

मग सुखराम निवृत्त झाले आणि मी फळीवर गेलो. कल्हई उडाली, अंग काळवंडलं. पुढे सुखरामही गेले आणि काही वर्षांनी भीमाबाईंना स्मृतिभ्रंश झाला. मुलगा शैलेंद्र दिवसभर बँकेत. त्यानं एका संस्थेतून आईच्या देखभालीला नंदाला ठेवलं. नंदा मायाळू होती. तिच्याशिवाय कोणाच्या हातचा घास भीमाबाई घेत नसत.

पण सकाळी भोंगा झाला की त्या मला फळीवरून ओढायच्या. "डबा भर वो! ते उपाशी राहतीन न!" नंदा त्यांचा हात धरून हार घातलेल्या फोटोपुढे न्यायची. "पाहा आजी, बाबा नाही राहिले." भीमाबाई ऊर बडवून रडायच्या आणि मग दिवसभर अन्नाला शिवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सारं विसरून पुन्हा तेच. शेवटी नंदानं मला पलंगाखाली लपवलं.

"दीदी, आई काहून इतकी वाळून राहिली?" शैलेंद्रनं विचारलं.

"भैया, मी तर खरं तेच सांगतो जी," नंदा म्हणाली.

तेवढ्यात संस्थेनं नियम काढला. असा आजार असलेल्यांकडे काम करायचं तर चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि घरी येऊन घेतलेली परीक्षाही द्यायची. नंदा नापास झाली तर नवी बाई येणार होती, आणि नव्या बाईच्या हातचं भीमाबाई खाणार नव्हत्या.

जबलपूरच्याच चेरीताल भागातल्या प्रशिक्षणाच्या वर्गात शिक्षिका हेमलताताईंनी प्रत्येकीला आपल्या रुग्णाच्या जिव्हाळ्याची एक वस्तू आणायला सांगितली होती. नंदानं मला नेलं आणि सगळी हकिगत सांगितली. ताईंनी हळूच विचारलं, "फोटो पाहून आजींना काय वाटत असेल?"

नंदाला रडू कोसळलं. "ताई, मी त्याईले रोज नव्यानं विधवा करून राहिली होती."

"अच्छा, कळलं न? मग अर्धं काम झालं," ताई म्हणाल्या. "आता पटवून द्यायचं सोडून दे. त्यांना काय हवंय ते पाहा."

परीक्षेच्या सकाळी ताई दाराशी कागद घेऊन बसल्या. नंदानं मला कल्हई लावून आणलं होतं. भोंगा झाला.

"काय भरू आजी? बाबाले काय आवडते?"

"झुणका-भाकर. कांदा विसरू नको वो."

दोघींनी मिळून मला भरलं. मला घेऊन भीमाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. पाय थकले तशी नंदा म्हणाली, "सावलीत बसा आजी. आपणही दोन घास खाऊ." त्या दिवशी भीमाबाईंनी अख्खी भाकर खाल्ली. खालच्या पुडावर मात्र त्यांनी हात ठेवला. "हे कामावरच्या माणसाचं."

ताईंनी आधी डोळे पुसले, मग सही केली. नंदा पास झाली.

त्या खालच्या पुडातलं आता रोज दुपारी, घरची कामं उरकून, नंदा खाते; तीही कामावरचंच माणूस ना! भीमाबाई समोर बसून विचारतात, "पोट भरलं काय?" ती मान हलवते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान असतं म्हणून सांगू! नंदाचे आणि ताईंचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल तर चिडू नका. कसं वागायचं ते कळत नसेल तर शिकून घ्या. आपलं माणूस जेवणार असेल, तर चाळीस तास काही फार नाहीत.