सुकदेवला कळू द्यायचं नाही

लिंबायतच्या एका गल्लीत धनश्रीनं साठ जणांना विचारलं, शेल गॅस काढावा की काढू नये. ती विद्यापीठातून आली होती, हातात टॅब होता. शेल गॅस म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं, तरी एकोणसाठ जणांनी ठाम मत दिलं. लूमवर काम करणारा सुकदेव तेवढा म्हणाला, "ताई, मला माहीत नाही."

धनश्रीला असा माणूस आजवर भेटला नव्हता. माहिती मिळाली की मत कसं बदलतं, हे तिला तपासायचं होतं, आणि ताडून बघायला एक तरी अगदी कोरा माणूस हवा होता. "काका, वर्षभर असेच राहा," ती म्हणाली. "कोणाला विचारू नका, मोबाइलवर बघू नका."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत सुकदेवला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. संध्याकाळपर्यंत गल्लीलाही त्याचा अभिमान वाटू लागला.

अडचण एवढीच, की त्याच्यापासून काय लपवायचं हे इतरांना कळायला हवं होतं. म्हणून सगळे शिकले. शिवणकाम करणाऱ्या सुषमानं व्हिडिओ पाहिले, रिक्षावाल्या दत्तूनं नकाशे मिळवले. बातम्यांत तो शब्द आला की सुकदेवची बायको शोभाबाई त्याच्या कानांवर हात ठेवायची. पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकांतली काही पानं टाचण्या मारून बंद झाली. सुकदेव टपरीवर आला की कोणीतरी घाईनं क्रिकेटचं काढायचं.

शिकता शिकता गल्लीत दोन तट पडले. दत्तू म्हणे काढावा, सुषमा म्हणे काढू नये. आठव्या महिन्यात बोलणं बंद झालं, गणपतीचे मंडप दोन झाले. निवाडा कोणी करायचा? कुठल्याच बाजूला नसलेला माणूस एकच उरला होता.

रविवारी दुपारी सगळे सुकदेवच्या ओट्यावर जमले. शब्द उच्चारायला बंदी, म्हणून दत्तू तासभर "ते, ते" करत बोलला. 'त्यानं' काय काय नासेल ते सुषमानं सांगितलं. सुकदेवनं मन लावून ऐकलं.

"दोघांचंही पटतंय," तो म्हणाला. "पण आपल्या गल्लीत नको."

हे सगळ्यांना मान्य झालं. मंडप एक झाला.

धनश्री आली तेव्हा लोकांनी कौतुकानं तिला हे सांगितलं. तिनं टॅब उघडला. "काका, हे तुमचं मत झालं," म्हणाली, आणि तिनं त्याचं नाव यादीतून काढलं.

दोन दिवस सुकदेवच्या तोंडाला चव नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला घरच्या बोलीत विचारलं, "आते सांग. ते काय शे?"

"खोल दगडमा गॅस ऱ्हास. पाणीना जोर लाईसन काढतस," शोभाबाई भाकरी थापत म्हणाली.

"पाणी कितलं लागस?"

"ते माले काय माहीत."

सुकदेव चपला घालून दत्तूकडे गेला. दत्तूला आता तो विषयच नको होता. सुषमा म्हणाली, "भाऊ, मिटलं ना ते, आता कशाला उकरता?" त्यानं अकरा दारं ठोठावली. बाराव्या दारातल्या म्हातारीनं त्याला आत बसवलं, चहा टाकला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. सुकदेव मान डोलावत ऐकत राहिला.